विषाणू गेला, मग मारतंय कोण?

दादा,

तुझा प्रश्न अजून माझ्याकडेच पडून आहे. ठाण्याच्या रुग्णालयात तोंडावरचा मास्क दोन बोटांनी उचलून तू विचारलं होतंस, "सुमे, डाक्टर बोलतो विषाणू जवळजवळ गेला. मंग आता मला मारतंय कोण?" नर्स तिकडून ओरडली, "काका, मास्क!" मीही तुझ्यावर डाफरले, "गप पड आधी, मग सांगते." नंतर सांगितलं, पण अर्धंमुर्धं. तुला दम नव्हता आणि मला अक्कल नव्हती.

तुला जाऊन सव्वा महिना झाला. तेरावं झालं, पाहुणे पांगले, कॉलेजात अकरावीच्या पोरांना पुन्हा पेशी शिकवायला लागले. घरी आले की फुप्फुसाचं वाचत बसते. आमचे हे म्हणतात, "आता वाचून काय उपयोग?" त्यांचं बरोबर आहे. पण आपल्या घरात उपयोगासाठी वाचायची रीत तू कधी ठेवली होतीस? दहावीनंतर बाबांच्या पाठीमुळे शाळा सुटली तुझी, पुस्तकं नाही सुटली. मी कल्याणला शिकायला होते तेव्हा शनिवारी घरी यायचे, आणि माझी पिशवी ओट्यावर टेकायच्या आत तू तिच्यात हात घालायचास. सोमवारी निघताना ऐकवायचास, "तुमच्या पुस्तकात एक चूक हाय, पण आता टाइम नाय, पुढच्या शनवारी सांगतो." आणि मला आठवडाभर चैन पडायची नाही.

तर प्रश्नाचं उत्तर जेवढं सापडलं तेवढं सांगते. पण त्याबरोबर एक कबुलीही आहे. तुझ्या आजारपणात माझ्या हातून एक चूक झाली. ती तुला मी शेवटपर्यंत बोलले नाही, आणि वहिनीला सांगायचं धाडस गेल्या सोमवारपर्यंत झालं नाही. तीच चूक तुला घेऊन गेली का, हे मला कळायला हवं होतं. म्हणून हे सगळं वाचन. लोक समजतात, बाई हुशार, दुःखातही अभ्यास करते.

फुप्फुस म्हणजे काय ते मी पुस्तकाआधी तुझ्याकडून शिकले. गटारीला वाडीत बकरा पडला की बाकीची पोरं मटणाच्या वासाने चुलीजवळ घोटाळायची आणि तू कापणाऱ्याच्या मागे लागायचास. एका वर्षी तू फुप्फुसं मागून घेतलीस, पपईचा पोकळ देठ आणलास, नळीत खुपसलास आणि गाल फुगवून फुंकलंस. ते मळकट मांस एकदम गुलाबी होऊन फुललं. मी किंचाळले. आईने तुला केरसुणीने झोडपलं आणि देठ चुलीत घातला. तू मार खाता खाता मला विचारत होतास, "बघितलंस का गो, किती हलकं झालं?" पुढे पुस्तकात आलं की आत हवेच्या बारीक पिशव्या असतात, द्राक्षाच्या घडासारख्या. त्यावर तू म्हणालास, "द्राक्षं नाशिकवाल्यांची. आपल्यासाठी जांभळाचा घोस लिव्हायचा की." मी आजही वर्गात जांभळाचा घोस म्हणते. पोरं पेपरात तसंच लिहितात आणि तपासणारे गुण कापतात.

आता त्या रविवाराचं.

लावणीच्या दिवसांत वाडीत तापाची साथ आली होती. तुला ताप आला, अंग दुखलं, खोकला झाला. आजूबाजूच्या चौघांनाही तेच. पाचव्या दिवशी तुझा ताप उतरला आणि वहिनीने रिवाजाप्रमाणे निर्गुडीचा पाला टाकून तापवलेल्या पाण्याने तुला न्हाऊ घातलं, नाचणीची पेज पाजली. न्हाऊ घातलं की माणूस बरा झाला, हे आपल्याकडे सरकारी दाखल्यापेक्षा पक्कं. मी रविवारी मुरबाडहून किन्हवलीमार्गे जीपने आले तेव्हा तू ओट्यावर बसून पावसात डोक्यावर घ्यायच्या इरल्याची दोरी बांधत होतास. म्हणालास, "आली बाय शिकलेली. आता माझी परीक्षा घेणार."

घेतलीच. कोरोनाच्या साथीत घेतलेलं, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र माझ्या पर्समध्ये होतं. तुझ्या बोटाला लावलं तर शहाऐंशी. दुसऱ्या बोटाला पंच्याऐंशी. माझ्या बोटाला अठ्ठ्याण्णव. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं. तू हसत होतास, बोलत होतास, धाप नव्हती. मग तूच म्हणालास, "अगो, या बोटाला रेशनच्या दुकानातलं यंत्र पण वळखत नाय. दर म्हैन्याला सात वेळा घासतो तवा उमटतं. तुझं कसं वळखल?" वहिनी हसली. शेजारची काकी हसली. तुझी ती बोटं, आयुष्यभर नांगर, कोयता आणि चिखलाने गुळगुळीत झालेली, कातडं बुटासारखं. मला ते पटलं. दादा, मला ते पटलं, आणि मीही हसले. म्हटलं, "तुझ्यापुढे यंत्रंसुद्धा हात टेकतात." यंत्र तिथेच कोनाड्यात ठेवलं आणि दुपारच्या जीपने परत गेले.

रेशनचं यंत्र बोटावरच्या रेषा वाचतं. हे यंत्र कातड्यातून उजेड पाठवून रक्ताचा रंग वाचतं. त्याला रेषांशी काय देणंघेणं? जाड कातड्याने, गार बोटाने आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण इतका फरक दिसला तर पुन्हा पुन्हा बघायचं असतं. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यांत एक अख्खी जीप जाऊन येते.

आणि तुला धाप का नव्हती? हे तर मी दरवर्षी शिकवते, दोन गुणांना हमखास येतं. श्वास घ्यायला शरीर धावतं ते मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो म्हणून. ऑक्सिजन कमी पडला तर ते बरंच उशिरा ओरडतं. सुजलेल्या फुप्फुसातून ऑक्सिजन आत यायला अडतो, पण कार्बन डायऑक्साइड सहज बाहेर पडत राहतो. म्हणून माणूस हसतो, इरलं बांधतो, बहिणीची थट्टा करतो आणि आतून रिकामा होत जातो.

मंगळवारी तू शेतात बांधावर बसलास तो उठलाच नाहीस. ओठ निळे. शहापूरला नेलं, तिथून ठाण्याला. क्ष-किरणाचा फोटो मी उजेडासमोर धरला. त्यात हवा काळी दिसते, म्हणजे फुप्फुस काळं दिसायला हवं. तुझं खालपासून वरपर्यंत पांढरं झालं होतं. तपासणीत निघाला साधा फ्लू. त्या चौघांना झाला तोच.

आणि मग तुझा तो प्रश्न.

मी खुर्ची ओढून सांगायला लागले. विषाणू तुझ्या फुप्फुसातल्या पेशींमध्येच घर करतो. म्हणजे चोर बाहेर नाही, तुझ्याच घरात लपलाय. त्याला मारायचं तर ते घर पाडावं लागतं. पेशी हाक मारते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, त्यांना बाहेर पडता यावं म्हणून रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात. पेशींमागून रक्तातलं पाणीही पाझरतं आणि हवेच्या जागी साचतं. त्या पांढऱ्या पेशी जे रसायन सोडतात त्याने आजारी पेशी मरतात, आणि शेजारच्या धडधाकटही. मेलेल्यांचा पडलेला राडारोडा पाहून आणखी हाका जातात. विषाणू संपत आला तरी हाका थांबत नाहीत. पायाचं बोट सुजलं तर चप्पल बदलता येते, फुप्फुसाला सुजायला जागा कुठे आहे?

तू डोळे मिटून ऐकत होतास. मला वाटलं झोप लागली. मग मास्कच्या आतून आवाज आला, "म्हंजे राब लावला नि आग उडवीत गेली."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं. आपण दोघांनी ती आग पाहिली होती. मी आठेक वर्षांची असेन. भाताचं बी पेरायच्या आधी बाबांनी रोपाच्या तुकड्यावर राब रचला होता, म्हणजे शेण, टहाळ, पालापाचोळा अंथरला होता, आतलं तण जळून जावं म्हणून. चहूबाजूंनी पट्टा झाडून साफ केला, वारा बघितला, आणि वाऱ्याच्या उलट्या अंगाने पेटवलं, म्हणजे आग सावकाश सरकते. आपल्या हातात ओला टहाळ देऊन दोन कोपऱ्यांवर उभं केलं होतं. वारा फिरला. आग पट्टा ओलांडून गेली आणि बैलांसाठी रचलेली पेंढ्याची उडवी धडाडून पेटली. बाबा खाली बसले होते ते आठवतं. त्या पावसाळ्यात बैलांना काय घालायचं, हाच विषय घरात होता.

दुसऱ्या दिवशी तुझी तब्येत थोडी बरी होती. डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केलं होतं. तू विचारलंस ते काय, मी म्हटलं, आग विझवायचं औषध. तू लगेच पकडलंस मला. "मंग पयल्याच दिशी का नाय देत?" मी उत्तर जुळवतेय तोवर स्वतःच म्हणालास, "हां. अर्धा राब जळला तर रोपात तणच तण." अगदी तेच होतं. सुरुवातीला आग हवी असते, विषाणूला तीच मारते. नंतर ती आवरायची असते. कधी विझवायची, हा सगळा खेळ. तू इतका खूश झालास की तुला ठसका लागला आणि यंत्रं वाजायला लागली.

ठसका थांबल्यावर म्हणालास, "पण शरीर येडं हाय सुमे. सवताचं घर कोन जाळतं?"

मी म्हटलं, "वेडं नाही. घाबरट आहे."

"घाबरलेला मानूस आग लावत नाय गो. पळून जातो."

मी काही बोलणार तोच नर्सने मला बाहेर काढलं. संध्याकाळी तुला व्हेंटिलेटरवर घेतलं. वाद तिथेच राहिला. त्यानंतर आठवडाभर मी तुझ्याशी बोलत होते, पण तू उलटून बोलत नव्हतास, त्याला काय बोलणं म्हणायचं.

त्या वादाचं माझं उत्तर आता ऐक. शरीराकडे आग लावणाऱ्या पेशी आहेत तशा टहाळ घेऊन कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्याही आहेत. 'पुरे आता' असं सांगणारी रसायनं आहेत. बहुतेकांच्यात ती वेळेवर पोचतात. म्हणून वाडीतले ते चौघं आज भात राखताहेत. तुझ्यात ती का पोचली नाहीत? वय, लहानपणी झालेले आजार, रक्तातून आलेली ठेवण, चुलीच्या धुरात काढलेली वर्षं, अशी पुष्कळ कारणं पुस्तकं सांगतात. पण तुझ्यापुरतं नेमकं कोणतं, ते कुणालाच सांगता येत नाही. तू असतास तर मांडीवर थाप मारली असतीस. पुस्तकाला जे ठाऊक नसायचं त्याने तुला फार आनंद व्हायचा. मला होत नाही. मला वाटतं, दादा, त्या वादात तुझं पारडं थोडं जड होतं. शरीर वेडं नसेल, पण ते उडवीकडे बघून राब लावत नाही.

आणि माझा खरा प्रश्न. ठाण्याच्या त्या तरुण डॉक्टरला मी जिन्यात गाठलं होतं. "दोन दिवस आधी आणलं असतं तर?" तो थकलेला होता. म्हणाला, "मॅडम, खरंच सांगता येत नाही. मदत झाली असती. वाचले असते असं नाही म्हणणार." खोटा धीर द्यायला त्याचं काही जात नव्हतं, पण दिला नाही. मी त्याची आभारी आहे आणि त्याच्यावर रागावलेलीही आहे.

गेल्या सोमवारी सुट्टी होती. ठरवून आले, वहिनीला सांगायचंच. ती रेशनला निघाली होती, म्हणून तिच्याबरोबर दुकानात गेले. दुकानदाराने यंत्र पुढे सरकवलं. वहिनीने अंगठा ठेवला. नाही. पदराला पुसून ठेवला. नाही. तर्जनी, मधलं बोट, पुन्हा अंगठा. दुकानदार म्हणाला, "काकू, तुमचं पन काकांसारखंच. जरा घासा." मी तिच्या हाताकडे बघत उभी राहिले. तुझ्याइतकीच चिखलात गेलेली बोटं. इतकी वर्षं ती भाकरी थापून माझ्या ताटात टाकत होती आणि मी कधी पाहिली नव्हती.

सहाव्यांदा उमटलं. तांदूळ घेऊन आम्ही बांधावरून परत निघालो. भात पोटरीला आलं होतं. तुझ्या हाताने लावलेला तुकडा तेवढा जरा वाकडा दिसतो. तिथे मी थांबले आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "वैनी, त्या रविवारी यंत्र बरोबर होतं. मी शिकलेली असून चुकले. तेव्हाच उचलून न्यायला हवं होतं." सांगताना मी चपलेकडे बघत होते.

वहिनीने डोक्यावरची पिशवी खाली ठेवली.

"माला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"यंत्र बराबर व्हतं त्ये. तू गेलीस तवा सांजेला त्यानं कोनाड्यातनं काढलं. बोलला, हात दे. तुझं पन बोट दुकानात उमटत नाय ना, बघू तुझं काय येतं. माझं सत्त्याण्णव आलं. मंग सवताचं लावलं, त्ये तसंच खाली. मंग परत माझं. तीनदा केलं."

मला रागच आला. "मग फोन का नाही केलास? उचलून का नाही आणलंस?"

"मी बोलले. तो बोलला, उद्याला वाडीची मानसं आपल्या शेतात यायची हायेत, सावडीची पाळी मोडली तर परत कवा मिळल? आपन सगळ्यांकडं लावून आलो, आता आपल्याकडं लावायचे दोन दिस. मंगळवारी लावणी झाली का सांजेला जाऊ शहापूरला." तिने पिशवीचं तोंड आवळलं. "नि बोलला, सुमीला सांगू नको. तिनंच आनलं, तिनंच खोटं ठरवलं. कळलं तर जनमभर सवताला खात बसल. मला शपथ घातली. मी आता मोडली."

मग वहिनीने पिशवी पुन्हा डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "चल. कोंबड्या कोंडलेल्या हायेत."

दादा, म्हणजे तुला रविवारीच कळलं होतं. बायोलॉजीच्या बाईंनी स्वतःचं मऊ बोट घालून आकडा पडताळला, आणि दहावी झालेल्या तुला सुचलं की तसलंच राकट, पण धडधाकट माणसाचं बोट घालून पाहायला हवं. प्रयोग असाच करायचा असतो. मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवते तो हाच. तू तो ओट्यावर बसून तीनदा केलास, निकाल तीनदा तपासलास, आणि मग माझ्यापासून लपवलास. ठाण्याला मास्क उचलून मला छळत होतास, मारतंय कोण म्हणून विचारत होतास, तेव्हाही हे तुझ्या पोटात होतं. मी पलंगाशेजारी बसून तेच पोटात धरून होते.

तुझा राग येतो. वहिनीचा येत नाही, माझा थोडा कमी झालाय, तुझा मात्र येतो. लहानपणापासून एकाही वादात तू मला सुखाने जिंकू दिलं नाहीस. बेडकाच्या श्वासावरून, चंद्राच्या खळ्यावरून, पुस्तकातल्या चुकांवरून, शेवटचा शब्द तुझाच. मुरबाडला लग्न होऊन गेले तरी फोन करून शेवटचा शब्द टाकायचास आणि ठेवून द्यायचास. आणि ज्या एका वादात तू खरोखर बरोबर होतास, ज्याचा पुरावा तुझ्या हातात होता, त्यात तू गप्प बसलास. मला वाईट वाटू नये म्हणून.

फोन करायचा होतास रे. 'सुमे, तू चुकलीस,' एवढंच म्हणायचं होतंस. मी आधी भांडले असते, तुला येडा म्हटलं असतं, आणि पहिली जीप पकडून आले असते.